मेलेलं ढोर कोण उचलतं? ‘वन हेल्थ’ शिकू पाहणाऱ्यांसाठी

(१० मार्च, सावित्रीमाई फुले यांच्या स्मृतिदिनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती काढून लेखी रूप दिलं आहे.)



आयोजकांनी मला ‘उच्च शिक्षणातील नव्या संधी’ असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, संधींची यादी तुमच्या फोनवर माझ्यापेक्षा आधी पोहोचते. मी गेली चार वर्षं ज्या विषयात डोकं घालून बसले आहे, त्याबद्दल बोलू द्या. त्यातून कुणाला संधी दिसली तर चांगलंच आहे. आणि हा विषय आपल्याला परका वाटतो, पण आपली माणसं पिढ्यानपिढ्या त्याच्या आत राबलेली आहेत, एवढं दिसलं तरी मला पुरे.

सुरुवात आजच्या तारखेपासूनच करते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत पुण्यात पोहोचला. सावित्रीमाई आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरला रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळल्यावर माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ही गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. तिला एक जोड देते. त्या दिवशी प्लेग माणसापर्यंत कसा येतो हे जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा दुवा आहे. त्याचं म्हणणं बराच काळ कुणी मनावर घेतलं नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्रयोग झाले, तेव्हा ते पक्कं झालं. तोवर सरकार घरं झडत होतं, माणसं छावण्यांत नेत होतं, सामान जाळत होतं.

उंदीर, पिसू, माणूस, आणि ही तिन्ही जिथे एकत्र नांदतात ती चाळ, ते धान्याचं कोठार, ती बंदरातली गोदी. यातलं एक जरी नजरेआड केलं तरी आजार कळत नाही. माणसाचं आरोग्य, जनावराचं आरोग्य आणि परिसराचं आरोग्य ही तीन खाती वेगळी ठेवून चालणार नाही, या विचाराला आज ‘वन हेल्थ’ म्हणतात. मराठीत काही जण ‘एकात्म आरोग्य’ लिहितात. मला तो शब्द सरकारी परिपत्रकातला वाटतो, म्हणून मी वन हेल्थच म्हणते.

इतिहास थोडक्यात सांगते. जनावरातून माणसात येणाऱ्या आजारांना ‘झूनोसिस’ हे नाव एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ विरशॉव या जर्मन डॉक्टरने दिलं. (हा शब्द मी वर्गात पहिल्यांदा मोठ्याने वाचला तेव्हा चुकीचा उच्चारला आणि मागच्या बाकावर हसू झालं. तुमच्यापैकी कुणी चुकलं तर शांतपणे पुढचं वाक्य वाचा.) याच विरशॉवने १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातल्या तापाच्या साथीवर अहवाल लिहिला आणि औषध म्हणून लोकशाही, शिक्षण आणि चांगली मजुरी सांगितली. ‘एक जग, एक आरोग्य’ ही घोषणा २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेतून पुढे आली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम या चौघांची अधिकृत आघाडी झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्याकडे राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. कुठे, माहीत आहे? नागपूरला. दीक्षाभूमीच्या शहरात जनावर, माणूस आणि परिसर यांच्या नात्यावर देशातली मोठी संस्था उभी राहते आहे. तिथे आपल्यातलं कोण असेल, आणि कोणत्या कामावर असेल?

आता माझ्या विषयाकडे वळते. माझा विषय आहे मेलेलं ढोर.

गिधाडांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९९०च्या दशकात भारतातली गिधाडं अचानक संपत गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. भरतपूरच्या अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली. कारण २००४ मध्ये उघड झालं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक स्वस्त झालं आणि दुखऱ्या गाईबैलांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. असं जनावर मेलं की त्याच्या मांसातलं औषध गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याचं मूत्रपिंड निकामी होई. सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली.

गिधाडं गेल्यावर माणसांचं काय झालं? इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते मोजलं. त्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. त्यांच्या अंदाजाने २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. कुजणारी ढोरं, त्यांच्यावर वाढणारी कुत्री आणि उंदीर, दूषित होणारं पाणी, कुत्र्यामागून येणारा रेबीज, अशी ती साखळी. एका इंजेक्शनपासून पाच लाख मृत्यूंपर्यंत. वन हेल्थच्या कोणत्याही वर्गात आज ही गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवली जाते, आणि शिकवायलाच हवी.

मीही ती वर्गातच ऐकली. ऐकताना पुन:पुन्हा मनात येत होतं, की गोष्टीत गाय आहे, औषध आहे, गिधाड आहे, कुत्रं आहे, शेवटी मरणारा माणूसही आहे. पण गोठ्यात मेलेली गाय गावाबाहेर गेली कशी? तिचं कातडं कुणी काढलं? गिधाडाची चोच लागण्याआधी त्या जनावराला माणसाचा हात लागलेला असतो. आमच्या मराठवाड्यात त्या जागेला ढोरफोडी म्हणतात. महारांनी ओढायचं, ढोरांनी कातडं कमवायचं, चांभारांनी जोडे शिवायचे. प्रत्येकाची जात ठरलेली आणि प्रत्येकाचा विटाळ ठरलेला. आमच्या वतनाच्या जमिनीचं नावच हाडकी-हाडोळा. देशभर नावं बदलतात, व्यवस्था तीच.

एका कार्यशाळेत पडद्यावर एक फोटो आला. अनवाणी माणूस उघड्या हातांनी म्हशीचं कातडं काढतोय. वर मथळा होता, ‘जोखमीची वर्तणूक’. वक्ते म्हणाले, या लोकांमध्ये जागृती नाही, हातमोजे घालत नाहीत. मी हात वर करून विचारलं, तुमच्या प्रश्नावलीत या माणसाची जात आहे का? ते म्हणाले, आम्ही व्यवसाय विचारतो. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय, विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे शोधून सांगितलं: ‘इतर मजुरी’.

म्हणजे पाहा. आजार जातीच्या वाटेने त्या माणसापर्यंत येतो, आणि कागदावर पोहोचेपर्यंत जात गळून ‘वर्तणूक’ उरते. माझ्या प्रबंधाचा विषय त्या दुपारी ठरला.

स्वतःची चूकही सांगते. पहिल्याच मुलाखतीत मी साठीच्या एका काकांना विचारलं, काका, या कामाची भीती नाही वाटत? ते म्हणाले, ‘कुणाची गं बाई? रोगाची का गावाची?’ मी वहीत ‘रोगाची’ लिहायच्या तयारीने गेले होते. ऊनाची घटना जुलै २०१६ मधली. मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं आणि त्याचा व्हिडिओ फिरवला. त्यानंतर गुजरातमधल्या आपल्या लोकांनी मेलेली ढोरं उचलायला नकार दिला, आणि सुरेंद्रनगरला तर ढोरं सरकारी कार्यालयासमोर नेऊन टाकली. ढोर उचलणं ही सार्वजनिक आरोग्याची सेवा आहे आणि ती फुकटात, मारहाण सोसून कुणीतरी देत होतं, हे त्या संपाने काही दिवसांत दाखवून दिलं. इतकं स्पष्ट मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

याच काकांनी मला शिकवलं की ढोराच्या नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलेलं दिसलं तर सुरी लावायची नाही. ती फाशी असते. फाशी म्हणजे अँथ्रॅक्स, माणसाला होते तेव्हा तिला काळपुळी म्हणतात. तिचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे असं जनावर न फाडता चुना टाकून खोल पुरायचं असतं. पशुवैद्यकाच्या पुस्तकात हेच लिहिलं आहे. जागृती नसलेल्या माणसाला हे ठाऊक होतं. मी विचारलं, मग अशा ढोराचं तुम्ही काय करायचात? म्हणाले, ‘मालक म्हणायचा आधी उचल, मग बोल.’ त्यांना ज्ञान होतं, नाही म्हणायचा अधिकार नव्हता. हातमोज्यांचा प्रश्न त्याच्यानंतरचा आहे.

आता एका अवघड गोष्टीवर येते, कारण या क्षेत्रात आलात तर तुमची तिच्याशी गाठ पडणारच. पर्यावरणाच्या चर्चासत्रांत चांगल्या मनाची माणसं भेटतात आणि म्हणतात, पूर्वी किती सुंदर समतोल होता. कातडं सोलणारे कातडं न्यायचे, गिधाडं मांस साफ करायची, हाडं गोळा करणारे हाडं न्यायचे, काहीच वाया जात नव्हतं. वर्णन म्हणून यात खोटं काही नाही. पण १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायला सांगितलं. माझ्या पणजोबांच्या गावात ते सोडलं तेव्हा गावाने बलुतं बंद केलं. माझी आजी सांगायची, त्या वर्षी घरात ज्वारी नव्हती, पण वासही नव्हता. त्या ‘समतोला’तून आमची माणसं उपाशी राहून बाहेर पडली. जातीला परिसंस्था म्हणू नका, एवढंच माझं त्या चर्चासत्रांना सांगणं असतं. गिधाडं परत यावीत असं मलाही मनापासून वाटतं, पण त्यांच्या पंगतीत आमचा माणूस वाढपी म्हणून पुन्हा उभा करू नका. ग्रामपंचायतीने ट्रॅक्टर आणि साखळदंड घ्यावा, खड्ड्याला जेसीबी लावावा, काम करणाऱ्याला पगार, विमा आणि लस द्यावी, आणि ते काम कुठल्याही जातीच्या माणसाने करावं. जनावर औषधमुक्त असेल तर उघड्यावर, सुरक्षित जागी गिधाडांसाठीही ठेवता येतं. हे तांत्रिक काम आहे, जन्माने ठरणारं नाही.

महाडचा उल्लेख आलाच आहे तर एक निरीक्षण सांगून पुढे जाते. चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, आपल्याला मनाई होती. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ केलं, १०८ घागरींतून दूध, दही, शेण, गोमूत्र ओतून. पिण्याच्या पाण्यात शेण घालणं म्हणजे शुद्धी! माणूस, जनावर आणि पाणी यांच्या नात्यावर परीक्षेत मला प्रश्न आला तर मी २० मार्च १९२७ पासून लिहीन. आणि त्याआधीचं हवं असेल तर जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ उघडेन. १८८३चा ग्रंथ. जंगल खात्याने गायरानं बळकावली, गुरांना चारा नाही, मातीचा कस धुऊन चाललाय आणि त्यात शेतकरी खंगतोय, हे सगळं एकाच सूत्रात ओवलेलं आहे.

आता शिकायचं कसं, याबद्दल.

पशुवैद्यकाची पदवी असेल तर पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण हा सरळ रस्ता. पण त्या पदवीला नीटमधून जावं लागतं, आणि इथे बसलेले बहुतेक जण कला, वाणिज्य किंवा साध्या विज्ञान शाखेतून आलेले आहेत. त्यांच्यासाठी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, खुली आहे. बऱ्याच संस्था ती कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देतात. प्रवेशाच्या अटी मात्र संस्थेगणिक वेगळ्या असतात, त्या स्वतः वाचा, सांगोवांगी ऐकू नका. दिल्लीत जेएनयूचं सामाजिक वैद्यक आणि सामूहिक आरोग्य केंद्र आहे. समाजशास्त्राच्या माणसाला आरोग्यावर संशोधन करायला ते जुनं आणि भक्कम ठिकाण आहे. तिसरा रस्ता माझा: आपल्या विषयातच राहून वन हेल्थचा प्रश्न घ्यायचा. समाजशास्त्राला इथे काय काम, असं कुणी म्हटलं तर त्यांना माकडतापाचं उदाहरण द्या. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि मागोमाग माणसं. गोचिडीतून पसरणारा हा ताप पुढे गोव्यात सत्तरीला आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गाला काजूच्या बागांपर्यंत आला. १९८७ मध्ये मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यावर लेख लिहिला आणि त्याला शीर्षकातच ‘विकासाचा आजार’ म्हटलं. जंगल कुणी तोडलं, गुरं घेऊन आत कुणाला जावं लागतं, हे प्रश्न गोचिडीला विचारता येत नाहीत.

परदेशात एडिंबरा विद्यापीठात आणि लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजात वन हेल्थची पदव्युत्तर पदवी आहे. तूर, बार्सिलोना आणि एडिंबरा इथल्या विद्यापीठांचा मिळून इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रम आहे, त्याला शिष्यवृत्ती मिळू शकते. शुल्क आपल्या घरातल्या कुणी स्वप्नातही पाहिलेलं नसेल एवढं असतं, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय अर्जच करू नका. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. केंद्राच्या योजनेच्या २०२२च्या नियमावलीत एक ओळ घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती नाही. या ओळीचा अर्थ तुम्हीच लावा. ढोराच्या रक्तातल्या जंतूवर तुम्ही परदेशात संशोधन करू शकता. ते ढोर उचलणाऱ्याच्या जातीवर करू म्हणालात तर अर्ज अडकू शकतो. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि ज्यांना ती मिळाली आहे अशा आपल्या ज्येष्ठांना तुमचा प्रस्ताव दाखवा.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती शोधनिबंध आहेत हे पाहण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना भेटा. अधिछात्रवृत्ती वेळेवर येत नाही हे गृहीत धरून खर्च आखा. माझी एकदा आठ महिने आली नव्हती आणि खोलीचं भाडं मैत्रिणींनी भरलं. आणि फील्डवर जाण्याआधी रेबीजची लस घ्या.

लसीवरून आठवलं. माझ्या संस्थेच्या नीतिसमितीने माझ्यासाठी ही लस सक्तीची केली, योग्यच केलं. ढोरफोडीवर कुत्र्यांचे कळप असतात. पण मला तिथे घेऊन जाणारे तिघे, ज्यांच्याशिवाय माझा प्रबंध एक पानही पुढे सरकला नसता, त्यांच्यासाठी तरतूद नव्हती. मी महिन्यातून चार दिवस तिथे जायचे, ते रोज जायचे. खर्चाच्या तक्त्यात मी त्यांच्या लसीची ओळ घातली. ती परत आली, शेरा होता: ‘हे संशोधक नाहीत.’ मी पुन्हा लिहिलं, हे क्षेत्र-सहायक आहेत. पुन्हा परत, नेमणूकपत्र कुठे आहे? तिसऱ्या वेळी मार्गदर्शकांच्या सहीने त्यांना नेमणूकपत्रं दिली. तिघांपैकी दोघांच्या आयुष्यातलं ते पहिलं नेमणूकपत्र. एकाने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलंय. पाच महिने लागले, पण पैसे मंजूर झाले.

मागच्या महिन्यात दुकानातून लस घेऊन आम्ही चौघं तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, कुत्रा कधी चावला? काका म्हणाले, चावला नाही. मग कशाला आलात? काका म्हणाले, ‘चावायच्या आधी आलोय, बाई. लिहून घ्या तसं.’ बाईंनी रकाना शोधला. तसा रकानाच नव्हता. शेवटी त्यांनी कागदाच्या कडेला पेनने लिहिलं.

माझा वेळ संपला, असं समोरून खुणावतायत. प्रश्न विचारा, मी इथेच आहे. अर्ज कुणाला दाखवायचे असतील तर जेवणाच्या सुट्टीत घेऊन या.

जय भीम.